कडक इस्त्री आणि सावकाश सलाम

मस्कतच्या सरकारी कचेरीत ओमानी पुरुष शर्ट-पँटमध्ये दिसणार नाही. दिशदाशा, म्हणजे घोट्यापर्यंतचा पायघोळ अंगरखा, आणि डोक्याला मस्सर, म्हणजे फेटा, बांधूनच कामावर यायचं, असा नियम आहे. साहेब आणि कारकून, दोघांचा पोशाख तोच. एरवी डोक्यावर कुम्मा, ही भरतकामाची गोल टोपी चालते. लग्नाकार्यात कमरेला चांदीने मढवलेला खंजीर येतो. तो इथल्या राष्ट्रचिन्हातही आहे आणि २०२२ मध्ये युनेस्कोने त्याच्या कारागिरीची वारसा म्हणून नोंद घेतली. गळ्याशी लोंबणाऱ्या छोट्या गोंड्याला फुराखा म्हणतात, त्याला अत्तर लावायचं. उंची मस्सर काश्मिरी पश्मिन्याचे असतात हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला, जणू त्या बकऱ्या मीच राखल्या होत्या!

या कपड्यात धावता येत नाही आणि ओमानी माणूस सहसा धावतही नाही. तुम्ही कागद घेऊन गेलात की आधी सलाम, मग तब्येत, मग घरचे, मुलंबाळं, आणि शेवटी ‘काय नवीनजुनं?’ तोवर फाइल टेबलावर तशीच. पुणेरी माणसाचा जीव खालीवर होतो. आवाज चढवून मात्र काही साधत नाही. समोरचा आणखी हळू बोलायला लागतो आणि आपणच ओशाळतो. मग बिनदांडीच्या इवल्याशा फिंजानमध्ये वेलदोड्याचा कहवा येतो. तो उजव्या हाताने घ्यायचा आणि पुरे झाला की कप हलवायचा, नाहीतर भरतच राहतात.

या पांढऱ्याशुभ्रपणामागचे हात बहुतेक आपल्याच बाजूचे. दिशदाशा शिवणारे, धुणारे, इस्त्री करणारे भारतीय, बांगलादेशी, पाकिस्तानी. जून ते ऑगस्ट दुपारी १२:३० ते ३:३० उघड्यावरची कामं कायद्याने बंद असतात. मस्कतच्या रुवी भागातल्या चिंचोळ्या लाँड्रीत, वाफेच्या इस्त्रीपाशी, ती सवलत पोचत नाही.

तिथे काही गिऱ्हाइकं गाडीतूनच हॉर्न वाजवून कपडे मागवतात. काही उतरून आत येतात, इस्त्रीवाल्याची आईबापांसकट विचारपूस करतात आणि मगच कपडे उचलतात. दिशदाशा दोघांच्याही सारख्याच कडक असतात. हॉर्नवाल्याला मी रुबाबात नापास करतो.