पुराच्या रेघा

रविवार, २८ सप्टेंबर २०२५, ड्रेस्डेन, जर्मनी

गुडघा आज शहाण्यासारखा वागला. सकाळी लेक म्हणाली, "आई, एल्बेच्या काठाने पिल्निट्झपर्यंत चालूया. चढ नाही, उतार नाही, दमलीस तर वाटेतून बस आहे." नवरात्राचे उपास चालू आहेत, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी भरली आणि लॉशविट्झच्या निळ्या पुलापासून निघालो. लेक, जावई, नात आणि मी.

पूल १८९३ चा, सगळा लोखंडी. मे १९४५ मध्ये माघार घेणारं जर्मन सैन्य तो उडवणार होतं. सुरुंगाच्या तारा गुपचूप तोडल्या गेल्या म्हणून तो वाचला, असं जावयांनी सांगितलं.

वाट डांबरी आणि सपाट. चेक डोंगरांत एल्बेच्या उगमाजवळून निघून थेट उत्तर समुद्रापर्यंत जाणारी ही सायकलवाट बाराशे किलोमीटरांहून लांब आहे. आमच्या वाट्याला त्यातले सहाएक. मी जन्माची डावीकडून चालणारी, त्यामुळे मागून सारखी घंटी. नातीने शेवटी हात धरून मला उजवीकडे ओढलं आणि म्हणाली, "आजी, तू रस्ता अडवतेस." सायकलवाले मात्र हसून "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हणत पुढे जात होते. आपल्याकडे काय म्हणाले असते ते लिहीत नाही.

उजव्या हाताला नदी, डावीकडे द्राक्षांचे मळे चढत गेलेले. समोरच्या काठावर लाउबेगास्ट. २००२ च्या पुरात त्याचं बेट झालं होतं, आणि २०१३ मध्ये पुन्हा. एक चाकांची आगबोट भोंगा वाजवत गेली. अशा नऊ जुन्या बोटी इथे अजून आहेत. होस्टरविट्झला अगदी पाण्याजवळ नावाड्यांचं पांढरं चर्च लागलं. त्याच्या बाकावर डबा उघडला. खिचडी गार झाली होती, पण संपली.

पिल्निट्झचा राजवाडा बघायला माणसं येतात ती त्याच्या चिनी धाटणीच्या छपरांसाठी आणि बागेतल्या दोनशे वर्षांहून जुन्या कॅमेलियासाठी. थंडीत त्या एका झाडावर रुळांवरून काचेचं घर सरकवतात. बिनफुलांचं झाड बघून मी नदीकडच्या पायऱ्यांवर आले, आणि तिथेच अडकले. भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, प्रत्येकीपुढे साल. ड्रेस्डेनच्या मोजपट्टीवर १८४५ साली पाणी ८.७७ मीटर चढलं होतं आणि ऑगस्ट २००२ मध्ये ९.४० मीटर. मी त्या रेघांकडे पाहिलं, मग मागे वळून पाण्याकडे. पाणी पार खाली, आपल्याच नादात.

आमच्या शनिवारातल्या वाड्यातही अशी एक रेघ होती. कोणी कोरलेली नव्हे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर माजघराच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. आई तिचं माप मीटरफुटांत सांगत नसे. "दिव्याच्या कोनाड्याच्या वर चार बोटं," एवढंच. दर दिवाळीला तिच्यावर चुना बसायचा आणि दर पावसाळ्यात भिंतीला ओल आली की ती पुन्हा वर यायची. आम्ही भावंडं तिच्याशी पाठ लावून उंची मोजायचो. मी रेघेच्या वर कधी गेलेच नाही, दादा गेला.

नातीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग त्या रेघेपुढे साल कोणी लिहिलं?" कोणी नाही गं. साल सगळ्यांना पाठ होतं.

होडीने पलीकडे गेलो आणि ट्रामने घरी आलो. संध्याकाळी दादाला फोन लावला, तिकडे साडेनऊ वाजून गेले होते. विचारलं, वाडा पाडला तेव्हा त्या रेघेचा कोणी फोटो काढला होता का.

"भिंतच गेली, रेघ कुठली राहतेय," तो म्हणाला. "आता तिथे पार्किंग आहे."

जरा वेळाने पुन्हा तोच म्हणाला, "चार नाही, पाच बोटं होती."

आई चारच म्हणायची. यावर आमचं दहा मिनिटं वाजलं.