शिसं, कथील आणि प्रमाण : आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावर पाटी 'अलॉय'ची, म्हणजे मिश्रधातूची आहे, पण आजूबाजूचे सगळे आम्हाला 'शिसेवाले' म्हणूनच ओळखतात. बाबांनी धंदा उभा केला तो छापखान्यांच्या जिवावर. जावजी दादाजींनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतायचा कारखाना घातला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तेव्हापासून मुंबईत या धातूला गिऱ्हाईक होतं. झिजलेले खिळे छापखाने पोत्यात भरून ठेवायचे. बाबा ते वितळवून, कमी पडलेलं कथील आणि अँटिमनी (शिशाला कडकपणा देणारं मूलद्रव्य) घालून, लगडी करून परत पोचवायचे. लायनोच्या, म्हणजे लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या यंत्राच्या धातूत शिसं ८४ टक्के, अँटिमनी १२ आणि कथील ४, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

खिळ्यांशिवाय होणारी ऑफसेट छपाई आली आणि ते सगळं बसलं. मग गाड्यांच्या चाकांना लावायची बॅलन्सिंगची वजनं केली. चेंदणी आणि दिवाळे कोळीवाड्यात जाळ्यांची शिसं पुरवली, ती अजून पुरवतो. चोख गिऱ्हाईक, उधारी नाही. पण जाळ्याला वजन हवं असतं, प्रमाण नको. भंगारातलं कुठलंही शिसं चालतं. बाबांना त्यात मजा येत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

प्रमाण मागणारं गिऱ्हाईक पुन्हा भेटलं ते ऑस्ट्रेलियातून. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या कमरपट्ट्याची वजनं घेणाऱ्या व्यापाऱ्याने विचारलं, बारा भाग शिसं आणि एक भाग कथील अशा लगडी मिळतील का? कशाला, तर मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळ्या ओतायला. ही रायफल ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये घेतली आणि १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आल्यावर ती मागे पडत गेली. तिचं काडतूस ५७७/४५०, म्हणजे स्नायडर या आधीच्या रायफलीच्या जाड काडतुसाचा गळा आवळून केलेलं. गोळी ४८० ग्रेनची, जवळपास ३१ ग्रॅम, कागदात गुंडाळलेली. मागे ८५ ग्रेन काळी दारू.   आता हे काडतूस दुकानात सहज मिळत नाही. म्हणून तिकडचे परवानाधारक शौकीन गोळी स्वतः ओततात आणि काडतूसही स्वतः भरतात.

त्यांचा काटेकोरपणा मला आधी चोचले वाटला. कारण समजलं तेव्हा बाबांची आठवण झाली. काळ्या दारूचा दाब कमी. गोळी फार कडक असेल तर मागून धक्का बसूनही ती फुगत नाही, नळीच्या खाचांत नीट बसत नाही, बाजूने वायू निसटतो आणि नळीत शिसं चिकटत जातं. अगदी शुद्ध शिसं घेतलं तर ते मऊ पडतं आणि साच्याचे कोपरेही नीट भरत नाही. कथील घातलं की रस पातळ होऊन कडेकोपऱ्यात शिरतो. त्यात अँटिमनी वाढली तर त्याच साच्यातून गोळी किंचित जाड आणि वजनाला हलकी निघते. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या झिजलेल्या नळीशी माप जुळवून बसलेल्या माणसाला मागच्या लगडीत आणि या लगडीत फरक पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गोची अशी की कथीलच आधी जातं. भट्टी तापली की वर राखाडी साय धरते, नवा माणूस ती मळी समजून झाऱ्याने काढून टाकतो. त्यात कथील असतं, शिशाच्या कितीतरी पट महाग. थोडं मेण टाकून ढवळलं की ते परत रसात जातं. दुसरा शत्रू जस्त. हल्ली चाकांची वजनं जस्ताचीही येतात. युरोपात २००५ पासून नव्या मोटारींना शिशाची बंद झाली. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ला. भट्टी मधल्या पट्ट्यात ठेवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात, उचलून टाकता येतात. एकदा विरघळलं की सगळा घाण, म्हणजे एका वेळी वितळवलेला माल, जाळ्यांच्या शिशात जातो. म्हणून या लगडींना आता आम्ही चाकांचं भंगार वापरतच नाही, आणि दर घाणाचा नमुना लॅबमध्ये जातो. खर्च वाढला, पण 'अंदाजे' हा शब्द गाळ्यातून गेला.

शेजारचे विचारतात, मग गोळ्याच का नाही ओतत, पैसा त्यात आहे. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे गोळी विनापरवाना नाही आणि तिचा साचाही नाही. चौकशा येतात, कधीकधी 'फक्त शोकेससाठी' म्हणून गळ घालतात. आम्ही लगडीवर थांबतो.

सध्या तीन मिश्रणं करतो : १२:१, २०:१ आणि लायनो. लायनो अजून कोण घेतं म्हणाल, तर हाताने छापणारी दोन-चार हौशी मंडळी. ती आली की बाबा घरून गाळ्यावर येऊन बसतात. जुने खिळे विकायचे असतील तर जरूर आणा, भाव वजनावर देऊ. बॅटरीच्या प्लेटा मात्र आणू नका. त्यांच्यातून विषारी वायू सुटतो, त्याचा परवाना वेगळा असतो आणि तो आमच्याकडे नाही.