आधी कोणता अंक वाचवायचा?

उत्तर इंग्लंडमधील ज्या विद्यापीठ-ग्रंथालयात मी कागदजतनाचे काम करते, त्याला 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाचा एक मोठा खासगी संग्रह देणगी म्हणून मिळायचा होता. कागदपत्रे पूर्ण झाली होती, खोकी आणण्याचा दिवसही ठरला होता. त्याच्या आदल्या रात्री देणगीदारांच्या घरातील पाण्याचा नळ फुटला आणि पंधरा-सोळा खोकी भिजली. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांनी सकाळी फोन करून पहिला प्रश्न विचारला तो, 'आता हे सगळे रद्दीत घालू का?' असा. मी त्यांना सांगितले, एकही अंक उघडू नका, पुसू नका, खोलीत हीटर लावू नका, आहे तसे गाडीत घालून लगेच घेऊन या.

भिजलेला कागद पाण्याने लगेच मरत नाही. आपण घाईने जे करतो त्याने तो मरतो. साधारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते, म्हणून तेवढ्या वेळात प्रत्येक गठ्ठा एक तर वाळत तरी घालायचा किंवा गोठवायचा. गोठवला की काळ थांबतो. पुढे निर्वात यंत्रात त्यातला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो आणि पाने सुटी होतात. आमच्याकडचा फ्रीझर लहान आहे, सगळी खोकी त्यात मावणे शक्य नव्हते, आणि बाहेरची गोठवण सेवा दुसऱ्या दिवसाआधी मिळणार नव्हती. त्यामुळे दुपारपर्यंत एकच प्रश्न उरला होता: त्या जागेत काय ठेवायचे?

खोक्यांत एका साप्ताहिकाचे सगळे आयुष्य होते. मॉरिस किन यांनी डबघाईला आलेले एक संगीत-पत्र एक हजार पौंडांना विकत घेऊन मार्च 1952 मध्ये ते या नव्या नावाने काढले. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरच्या अंकात पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना फोन करून कोणत्या रेकॉर्डी सर्वाधिक विकल्या गेल्या ते विचारले आणि ब्रिटनची पहिली विक्री-क्रमवारी छापली. पहिल्या क्रमांकावर अमेरिकन गायक अल मार्टिनो होता. त्याआधी लोकप्रियता मोजली जायची ती गाण्यांच्या छापील नोटेशनच्या विक्रीवरून. 1964 च्या पूर्वार्धात, बीटल्सची लाट भरात असताना, साप्ताहिकाचा खप 3,06,881 प्रतींवर पोहोचला. 1972 मध्ये मालक कंपनीने 'सुधारा, नाहीतर बंद करू' असा इशारा दिला, तेव्हा संपादक ॲलन स्मिथ यांनी निक केंट आणि चार्ल्स शार मरे यांच्यासारखे लेखक प्रस्थापितविरोधी 'भूमिगत' पत्रांतून आणले आणि अंकाला भाषा मिळाली. 1986 मध्ये बावीस बँडांची 'सी 86' ही कॅसेट काढून या साप्ताहिकाने गिटार वाजवणाऱ्या एका अख्ख्या पिढीला नाव दिले. 'साउंड्स' हे प्रतिस्पर्धी साप्ताहिक 1991 मध्ये बंद पडले, 1926 पासून चालत आलेले 'मेलडी मेकर' 2000 च्या अखेरीस याच्यातच विलीन झाले, आणि या तिघांत हे एकटे उरले.

हे एकटे उरणे विजयाचे नव्हते, हे कळायला बांधीव खंड हाताळावे लागतात. सत्तरच्या दशकातले वर्ष दोन्ही हातांनी उचलावे लागते. या शतकातली वर्षे क्रमाने हलकी होत जातात. लोक म्हणतात, लेखन घसरले म्हणून साप्ताहिक गेले. मला हे पटत नाही. मी मागची पाने पाहते. पूर्वी तिथे गावोगावच्या कार्यक्रमांची यादी, ड्रमर हवा असल्याच्या चार ओळी, टपालाने रेकॉर्डी पाठवणाऱ्या दुकानांच्या बारीक टायपातील याद्या असत. पुढे कंपन्यांच्या पूर्ण पानांच्या जाहिराती. हे सगळे एकेक करून इंटरनेटवर गेले. रेकॉर्ड विकत घेण्याआधी ती ऐकायला मिळत नव्हती, तोवर समीक्षकाच्या शब्दाला पैशांची किंमत होती. गाणे फुकट आणि तत्काळ ऐकू येऊ लागले तेव्हा तीही गेली. विकत घेणारे पंधरा हजारांच्या आसपास उरले, आणि 18 सप्टेंबर 2015 पासून अंक रेल्वे स्थानकांवर आणि विद्यापीठांत फुकट वाटला जाऊ लागला. पहिल्या फुकट अंकावर गायिका रिहाना होती. त्या काळात प्रमाणित वितरण 3,07,217 झाले, म्हणजे 1964 च्या शिखरापेक्षाही किंचित जास्त. दोन-अडीच वर्षांत, 9 मार्च 2018 च्या अंकासोबत, छपाई थांबली.

आमच्या विभागप्रमुखांचा निर्णय तयार होता: साठ-सत्तरचे अंक फ्रीझरमध्ये, फुकट काळातले अंक जमले तर पाहू. त्यांच्या दृष्टीने ते उघड होते. जुने ते दुर्मीळ, नवे ते लाखोंनी छापलेले. मी उलट मांडणी केली. 1964 चे अंक साध्या न्यूजप्रिंटवर आहेत. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लाने पिवळा पडणारा, घडीवर तुटणारा, सगळे खरे. पुण्यात शिकत असताना हाताळलेल्या हातकागदाच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या पोथ्या त्याच्यापेक्षा कितीतरी दणकट होत्या. पण न्यूजप्रिंट भिजला तर टिपकागदांमध्ये ठेवून हवेवर वाळतो. शेवटच्या वर्षांचा कागद गुळगुळीत, त्यावर खनिज मातीचा लेप. तो लेप भिजला की गोंदासारखा होतो आणि वाळताना दोन पाने कायमची एक करतो. एकदा वाळून चिकटलेला अंक कुणालाच सोडवता येत नाही. शिवाय साठच्या दशकाची सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) आमच्या तळघरात आहे. 2015 नंतरचे काय आहे? आमचे सगळे अंक वर्गणी पुरवणाऱ्या एजन्सीकडून येत. साप्ताहिक फुकट झाले तशी वर्गणी संपली, एजन्सीच्या यादीतून नाव गेले आणि स्थानकावर जाऊन दर शुक्रवारी अंक उचलून आणणे हे ग्रंथालयात कुणाचेच काम नव्हते. साप्ताहिकाच्या इतिहासात सर्वाधिक छापले गेलेले अंक नेमके आमच्या फळीवर नव्हते. ते या गृहस्थांकडे होते, कारण ते कामावर जाता-येता स्टँडवरून उचलत आणि घरी नीट ठेवत. ग्रंथालयांचे संग्रह बिलांवर चालतात, आणि ज्याचे बिल येत नाही ते आमच्या लेखी प्रकाशितच होत नाही, ही गोष्ट मी अनेक बैठकांत बोलले आहे.

शेवटी तडजोड झाली. अर्धी जागा त्यांच्या निवडीला, अर्धी माझ्या. मी फुकट काळातले अंक वर्षवार न लावता, सर्वांत ओले आधी अशा क्रमाने पिशव्यांत भरले. सप्टेंबर 2015 चा पहिला अंक खोक्याच्या तळाशी होता, पाण्यात पूर्ण बुडालेला. तो सर्वांत आधी गेला. न्यूजप्रिंटचे उरलेले अंक आम्ही टेबलांवर आणि नंतर कॉरिडॉरमध्ये पसरले, पंखे लावले, दर काही तासांनी टिपकागद बदलले. एका सहकाऱ्याने तक्रार न करता रात्री उशिरापर्यंत हे केले. दुसरा छायाचित्रे काढून निघून गेला.

साठच्या दशकातले अंक तरले. वेम्ब्लीतील वाचक-मतदान विजेत्यांच्या कार्यक्रमाचा वृत्तांत असलेला 1964 चा अंक घडीवर फाटला होता. तो मी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जोडला. टिश्यू इतका पातळ असतो की जोडावरून अक्षरे वाचता येतात, आणि खळ पाण्याने परत सुटते, म्हणून उद्या कुणाला माझे काम काढून अधिक चांगले करायचे असेल तर तेही शक्य आहे.

फ्रीझरमध्ये न मावलेले 2016 आणि 2017 चे बरेचसे अंक मात्र गेले. आम्ही प्रत्येक पानामागे सिलिकॉन-कागद सरकवायचा प्रयत्न केला, पण आतली पाने आधीच एकमेकांना चिकटू लागली होती. एका अंकाचे पान हाडाच्या पातळ पट्टीने अगदी सावकाश उचलले, तर शाईसकट वरचा लेप समोरच्या पानावर गेला: एका पानावर गायकाचा चेहरा उलटा उमटला, आणि मूळ पानावर पांढरा खडबडीत कागद उरला. त्यानंतर मी तो प्रयत्न थांबवला.

फ्रीझरमधले अंक यंत्रातून वाळून आले आहेत. रिहानाचा अंक कडांवर लाटा पडलेला, पण पूर्ण वाचता येतो. विटेसारखे झालेले अंक काढून टाकावेत असे विभागप्रमुखांचे म्हणणे आहे. मी ते तारखांची चिठ्ठी लावून आम्लरहित पेटीत ठेवले आहेत, कारण त्यांतली मुखपृष्ठे आणि मलपृष्ठावरच्या जाहिराती शाबूत आहेत, आणि त्या काळात या साप्ताहिकाला पैसे कोण देत होते हे सांगणारा आमच्याकडचा तोच पुरावा आहे. देणगीदारांना मी वाचलेल्या आणि गेलेल्या अंकांची वेगवेगळी यादी पाठवली. त्यांनी गेलेल्यांपैकी काही अंक जुन्या सहकाऱ्यांकडे मिळतात का हे विचारायला सुरुवात केली आहे. फुकट वाटल्या जाणाऱ्या नियतकालिकांचे अंक गोळा करण्यासाठी आठवड्यातले काही तास एखाद्या कर्मचाऱ्याला नेमून द्यावेत, असा लेखी प्रस्ताव मी संग्रह समितीकडे दिला आहे. पेटीचा निर्णयही त्याच बैठकीत होईल.