सिद्धगड: स्मारक पायथ्याला आहे, वर शोधत बसू नका

बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत असताना इथे हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं स्मारक बघायला मुरबाडजवळच्या सिद्धगड किल्ल्याला निघाला असाल, तर पायथ्याच्या बोरवाडीचीच वाट धरा. स्मारक पायथ्याच्या रानात आहे, गडावर नाही. आम्हाला मुरबाडच्या स्टँडवर ठासून सांगितलं होतं, "वरच आहे, नारिवलीकडून सोपं पडतं." म्हशावरून नारिवलीला सोडायला जीपवाल्याने बाराशे रुपये घेतले, एका फेरीचे. परतीला येतो म्हणाला आणि आलाच नाही. भाव आधी ठरवा, अर्धे पैसे परतल्यावरच द्या.

माचीपर्यंतचा चढ दमवतो, पण वाट मळलेली आहे. नारमातेचं देऊळ, पडका दरवाजा, मग वाडी. आम्ही इथेच चौकशी करायला हवी होती. ती न करता स्मारकाच्या आशेने बालेकिल्ल्याला भिडलो.

हा टप्पा अतिशय वाईट आहे. मुरमाड उतारावर सुटे दगड, धरायला वाळलेलं गवत, आणि एका अंगाला सरळ दरी. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड थेट खालच्याच्या अंगावर येतो, म्हणून दोघांत भरपूर अंतर ठेवा आणि एकाखाली एक अजिबात चालू नका. आमच्यातल्या एकाच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. चढायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट उतरायला लागला, तोही बसून, घसटत. बुटाचे सोल झिजले असतील तर माचीच्या वर जाऊ नका. पाणी माणशी तीन लिटर घ्या. आमचं दोन लिटर दुपारीच संपलं.

माचीवर परतलो तेव्हा गुरं राखणाऱ्या एका बाबांना विचारलं. त्यांनी काठीने खालचं रान दाखवलं. "कोतवालांचं व्हय? ते खाली, ओढ्याच्या अंगाला. वर कशाला गेलात?"

स्मारकापाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भोवती दाट झाडी, समोर गडाची भिंत. इथे उभं राहिल्यावरच कळतं की ही जागा लपायला का निवडली असेल आणि वेढा पडल्यावर इथून निसटणं किती अवघड गेलं असेल. कोतवाल माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. पावसाळ्यात शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी गावागावांत धान्यकोठ्या काढल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीने, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या गोऱ्या अधिकाऱ्याच्या पोलिसांनी त्यांना इथे गाठलं. मानिवलीचे हिराजी पाटील पडले, कोतवाल पडले. कोतवालांना तिशी ओलांडून जेमतेम महिना झाला होता.

गडावर भेटलेल्या तीन ट्रेकिंग ग्रुपपैकी एकालाही ही जागा ठाऊक नव्हती. मुंबईहून इतक्या जवळ, आणि शेकडो माणसं वरचा घसरडा चढ चढून परत जातात, याचं मला फार वाईट वाटलं. अंधार पडत होता म्हणून आम्हाला इथे वीसच मिनिटं मिळाली. सगळा दिवस नको त्या टोकाला गेला.

दुसऱ्या दिवशी माथेरानला गेलो. छान होतं.

तुम्ही जाल तेव्हा उलटा क्रम ठेवा. कल्याणहून पहिल्या एसटीने मुरबाड, तिथून म्हसा, पुढे बोरवाडी. आधी स्मारक, निवांत तासभर. अंगात जोर उरला तर माची, आणि तिथूनच परत. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी असतं, तेव्हा टाळा. जमलं तर २ जानेवारीची पहाट गाठा. त्या दिवशी लोक इथे मानवंदनेला जमतात, वाट विचारावी लागत नाही. आम्ही येत्या वर्षी आदल्या रात्रीच बोरवाडीत पोचणार आहोत. गरम कपडे न्या, त्या रानात जानेवारीत गारठा पडतो.