चेतक, तिसरा रविवार: कार्ब्युरेटर निर्दोष सुटला

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की कार्ब्युरेटर साफ झालाय, आता गाडी लागणारच. ते शब्द मागे घेतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९८६ची बजाज चेतक स्कूटर. टू स्ट्रोक, पॉइंटवाली (म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे धातूचे संपर्क असलेली). बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. गेली ४ वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. दुखणं असं, की सकाळी २५-३० किक मारल्याशिवाय लागत नाही. लागली की झकास पळते, पण गरम असताना सिग्नलला बंद पडली की १५ मिनिटं कडेला उभं राहायचं. तेवढ्यात तीन जण तरी येऊन "आडवी करा, आडवी करा" म्हणून जातात. आडवी करण्याचा मला एकच उपयोग दिसतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकली असेल तर ती सुटते आणि पेट्रोल जास्त उतरतं. माझा प्लग दरवेळी ओलाच निघत होता. म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजायचं.

खरं तर ओला प्लग बघूनच मी कार्ब्युरेटर सोडून द्यायला हवा होता. पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. पण जेट (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक नळ्या) काढायला मला आवडतं, त्याला काय करणार! स्लो जेटमध्ये हिरवट खर धरली होती, ती पेट्रोलमध्ये भिजवून आणि हवा मारून काढली. (जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.) पेट्रोलचा पाइपही बदलला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगून मऊ पडतं. एवढं करून ३० किकच्या २० झाल्या.

दुसरा रविवार करंटवर. प्लग हेडला टेकवून किक मारली, ठिणगी निळी. म्हटलं, करंट ठीक आहे. इथेच फसलो, कारण गाडी थंड होती. मागच्या बुधवारी ऑफिसातून येताना बंद पडली तेव्हा तिथेच, गरम इंजिनावर प्लग काढून पाहिला. ठिणगी पिवळी, बारीक, मधूनच गायब. दुखणं गरम असतानाचं असेल तर तपासणीही गरम असतानाच करायची, हे कळायला मला दोन रविवार आणि एक बुधवार लागला.

काल फॅन कव्हर काढून मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, चुंबकं बसवलेल्या चाकाच्या) खिडकीतून पॉइंट पाहिले. महिन्यापूर्वीच पॉलिश पेपरने घासून लख्ख केले होते. आता परत काळे, एकावर खड्डा आणि समोरच्यावर त्याच मापाचं टेंगूळ. पॉइंट एवढ्या लवकर जळाले की बोट कंडेन्सरकडे दाखवायचं. पॉइंट उघडतात तेव्हा करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्याला क्षणभर पोटात घेतो, म्हणून कॉइलमधला करंट झटक्यात तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर गळका झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. तापल्यावर तो जास्त गळतो, हे आमच्या सिग्नलचं कोडं.

मल्टिमीटरने मात्र त्याला पास केलं होतं. मीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो. पॉइंट उघडताना कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्ट येतात, ती परीक्षा मीटर घेतच नाही.

माझ्या गाडीत कंडेन्सर मॅग्नेटच्या मागे, प्लेटवर आहे. त्यामुळे पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून मॅग्नेट काढावा लागला. काढला आणि हाफमून की (मॅग्नेट जागेवर धरणारी अर्धचंद्राची छोटी पाचर) गायब! अर्धा तास पार्किंगची फरशी चाचपली, शेजारच्यांच्या कुंड्या हलवल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अरे, वीक आता ती." की निघाली मॅग्नेटच्या आत, चुंबकाला चिकटलेली. तोवर माझ्या हाताचे काळे ठसे सगळ्या कुंड्यांवर उमटले होते.

नवा कंडेन्सर घरी मागवला होता. चकचकीत पाकीट, पण गाडी १० मिनिटांत परत तशीच. नवीन म्हणजे चांगला, हे या पार्टबाबत विसरा. आज पुण्याच्या नाना पेठेत गेलो. एका जुन्या दुकानाच्या खालच्या खणातून, कागदाच्या मऊ पडलेल्या पुडीतला जुन्या स्टॉकचा मिळाला. तार डाग देऊन जोडली, पॉइंट नवे टाकले, कॅम सगळ्यात उंच असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप ०.४ मिमी ठेवला. गॅप बदलला की टायमिंगही हलतं, म्हणून खुणा परत जुळवल्या. प्लगचा गॅप ०.६ मिमी.

संध्याकाळी थंड गाडी चोक ओढून तिसऱ्या किकला लागली. कात्रजपर्यंत जाऊन आलो. वाटेत दोनदा मुद्दाम बंद केली, दोन्ही वेळा पहिल्याच किकला सुरू.

एक गोष्ट राहिली आहे. गरम झाल्यावर मधेच रेस आपोआप चढते आणि खाली यायला वेळ लावते. मॅग्नेट काढला होता तेव्हा प्लेटच्या कडेला तेलाचा ओला डाग होता. म्हणजे त्या बाजूचं ऑइल सील बाहेरची हवा ओढतंय, मिक्श्चर पातळ होतंय. असं फार दिवस चालवलं तर पिस्टन जाम व्हायचा, म्हणून सील बदलेपर्यंत लांब न्यायची नाही. नवं सील आणून ठेवलंय. उजवी डिकी (इंजिनावरचं झाकण) अजून लावलेली नाही.