वाजंत्र्यांना कोण विचारतो?

लग्नात मानपानावरून आवाज चढले की माझं लक्ष हमखास सनईवाल्यांकडे जातं. त्यातला म्हातारा सनई मांडीवर आडवी ठेवतो, पत्ती बोटांनी पुसतो आणि चहा कुठवर आलाय, हे नुसत्या नजरेनं विचारतो. वरपक्ष रुसला काय नि वधूपक्ष रुसला काय!

परवा अशाच एका मांडवात मला विल्यम हर्शेल आठवला. 1781 मध्ये युरेनस ग्रह शोधणारा, तोच. गडी मूळचा ओबोवाला. ओबो म्हणजे सनईचा युरोपातला चुलतभाऊच, जोडपत्ती ओठांत धरून फुंकायचा. बाप जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गार्ड पलटणीत ओबो वाजवायचा. पोरगाही 1753 मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याच बँडात लागला. पलटणीबरोबर एकदा इंग्लंडला जाऊन आला, तेव्हा थोडं इंग्रजीही उचललं.

मग 26 जुलै 1757 ला हास्टेनबेकची लढाई झाली. समोर फ्रेंच. तोफा धडाडू लागल्यावर ओबो कोण ऐकतो? बापानंच सांगितलं, तू नीघ इथून. पोरगा हॅनोव्हरला पोचला, तर तिथे वेगळीच धास्ती: मोकळा तरुण दिसला की धरून शिपाई करतील! म्हणून हा पठ्ठ्या पुन्हा फौजेत. बंदूक हातात येऊ नये म्हणून फौजेतच दडी मारायची, हे बँडवाल्यालाच सुचावं. परतल्यावर बघतो तर वाजंत्री हजर आहेत की नाहीत, याची कुणाला फिकीरच नव्हती. हे त्यानंच पुढे लिहून ठेवलंय. वाचताना मला आधी हसू आलं, मग जरा लागलंही.

त्याच वर्षी तो भावाबरोबर इंग्लंडला गेला. पळपुटा म्हणून त्याच्यावर शिक्का मारणारे पुष्कळ. पण कोवळ्या वयामुळे त्याला सैन्याची शपथच दिलेली नव्हती. 1762 मध्ये सुटकेचा रीतसर कागदही मिळाला. इंग्लंडच्या राजानं म्हणे पुढे त्याला माफी दिली, ती नुसती दंतकथा.

बाथ शहरात दिवसा शिकवण्या आणि प्रार्थनामंदिरात ऑर्गन, रात्री दुर्बीण. दुर्बिणीचे आरसे घरीच घासायचा. एका आरशावरून तर सलग सोळा तास हात उचलला नाही. बहीण कॅरोलिन शेजारी उभी राहून घास भरवत होती. चहासाठी नजर वर करायचीसुद्धा सोय नाही.