मांजराच्या नाचाला सनई

आई तीन महिन्यांसाठी नेदरलँड्समध्ये, लायडनला माझ्याकडे आली होती. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्रासमोर ती दोन मिनिटं उभी राहिली, "मोठं आहे हं," म्हणाली आणि पुढे गेली. थांबली ती यान स्टेन या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या जेमतेम सव्वादोन फुटी चित्रापाशी.

"अगं, ही तर सनई!"

चित्रातली मुलगी शॉम नावाचं वाद्य फुंकतेय. तिच्या सुरावर एका पोराने मांजराचे पुढचे पाय धरून त्याला टेबलावर उभं केलंय, नाच शिकवायला. कुत्रा भुंकतोय आणि वर खिडकीतून एक म्हातारा डोकावतोय, दुपारची झोपमोड झालेल्या चाळकऱ्यासारखा. आईचं बरोबर होतं. शॉम आणि सनई एकाच कुळातली. दोन्हींत तोंडाशी दुहेरी पात, नळी खाली रुंद होत गेलेली आणि आवाज असा की मोकळ्या मैदानातच बरा. तो या खोलीत! पोरांना हसू आवरत नाहीये, मांजर मात्र जबडा वासून किंचाळतंय. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणायचीही सोय नाही बिचाऱ्याला. पायाखाली टेबल सरळच आहे.

त्या काळच्या डच चित्रांत वाद्यं पुष्कळ. पण बरेचदा ती छान कपडे घातलेल्या बायकांच्या हातात असतात, ल्यूट हे तंतुवाद्य किंवा व्हर्जिनल हे पियानोसारखं पट्ट्यांचं छोटं वाद्य, आणि जवळ कोणीतरी प्रेमात पडायच्या बेतात. मला ती चित्रं जरा थंड वाटतात. स्टेनकडे मात्र घरात गोंगाटच असतो. हा आमच्या लायडनचाच, १६२६च्या सुमारास जन्मलेला, बिअर बनवणाऱ्याचा मुलगा. स्वतःही डेल्फ्टला बिअरची भट्टी चालवली आणि पुढे लायडनला खानावळवजा गुत्ता काढला. माणसं बघायला जागा चांगलीच म्हणायची. पसारा पडलेल्या घराला डच लोक अजूनही 'यान स्टेनचं घर' म्हणतात. शेजारच्या आजींनी आमच्या हॉलमधली खेळणी बघून मला हे ऐकवलंय, हसत हसत.

परतीच्या गाडीत आईने मावशीला फोन लावला. "काय सांगू तुला, इथे लग्नात नाही वाजवत सनई. मांजरापुढे वाजवतात."

मी चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे म्हणून सांगत होते. तोवर फोनवर मांजराचा रंग कोणता होता, यावर चर्चा सुरू झाली होती.